आमचं बैलदळ

माणसानं पैज लावावी, पण भाच्याशी लावू नये. मेव्हण्याशी लावावी, व्याह्याशी लावावी, वेळ पडली तर साहेबाशीही लावावी. भाचा जिंकला तर वर त्याचं कौतुक करावं लागतं, आणि हरला तर आपलीच बहीण फोन करून "लहान पोराशी काय बरोबरी करतोस?" म्हणून विचारते. हा लहान पोरगा अठ्ठावीस वर्षांचा आहे, बिडकीनकडे एका कंपनीत इंजिनियर आहे आणि त्याला माझ्यापेक्षा कमी केस आहेत.

तर हा विश्वजीत एका रविवारी आमच्या गारखेड्याच्या घरी एक काळी पेटी घेऊन आला. मला वाटलं, व्हायोलिन शिकायला लागला असेल. पेटी उघडली तर आत स्पंजाच्या खाचांत बोटाएवढाले सैनिक झोपवलेले. ढाली, भाले, शिरस्त्राणं, एकाच्या मिशीला तर चक्क पीळ दिलेला. हे सैन्य टेबलावर मांडायचं, टेपनं मोजून पुढं सरकवायचं आणि फासे टाकून समोरच्याचे सैनिक मारायचे, असा तो खेळ. कॅनॉटमधल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर चांगली शिकलेली माणसं दर आठवड्याला ही कत्तल करतात, असंही कळलं.

"सैनिक परदेशातून सुटे येतात, मामा. आपण चिकटवायचे, रंगवायचे. आणि खरा दर्दी असतो ना, तो ह्याचं डोकं त्याच्या धडाला लावतो. त्याला किटबॅश म्हणतात."

"ह्यात काय विशेष?" मी म्हणालो. "आमच्या कचेरीत ह्या फायलीची पानं त्या फायलीला लावून आम्ही दिवसातून दोन प्रकरणं उभी करतो."

"मामा, तुम्ही एक सैनिक उभा करून दाखवा. सैन्य राहू द्या."

एवढ्यावर मी हसून सोडून दिलं असतं. पण स्वयंपाकघरातून आमच्या सौ. रत्नमालाबाईंचा आवाज आला, "करतील की एक. अर्धा."

आता हे खोटं आहे असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. बाल्कनीत मी सुरू केलेलं पाण्याचं गाळणयंत्र आहे, त्यात सध्या कांदे ठेवतात. मी शिकायला घेतलेली बाजाची पेटी आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. आमच्या घरात माझ्या अपुऱ्या कामांवर बाकी सगळ्यांचा संसार सुखानं चालतो. आईनंही सुपारी कातरता कातरता भर घातली, "आमच्या भारतचं पहिल्यापासून असंच हाय. पतंगाला शेपूट करायचा झकास. पतंगच ऱ्हायचा."

मी उठलो. विश्वजीतला म्हणालो, "तुमची ती स्पर्धा कधी आहे?"

"श्रावण संपता संपता. रविवार आहे."

"त्या रविवारी माझं पूर्ण सैन्य मैदानात असेल. माझ्या हातानं केलेलं. परदेशी एक कान नाही त्यात. पहिली लढाई तुझ्याशी."

बोलताना मी छाती काढली होती, पण कॅलेंडर काही काढलं नव्हतं. त्याचं फळ पुढं मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून मी घराकडे कच्च्या मालाच्या दृष्टीनं पाहायला लागलो. ही दृष्टी एकदा आली की माणसाला चमचा चमचा दिसत नाही. रिकाम्या रिफिलींचे भाले झाले. शर्टाच्या बटणांच्या ढाली झाल्या. माळ्यावरच्या तुटक्या बाहुल्यांचे हात काढले, शेजारच्या तात्यासाहेबांच्या कानयंत्रातले संपलेले सेल मागून आणले. तात्यासाहेब आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण तहसील कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी सेल देताना पोच मागितली.

तोफ मात्र जमेना. शेवटी कुकरची शिट्टी उलटी करून पाहिली, तर अशी तोफ की शत्रूला घाम फुटावा. मी ती गुपचूप रंगवून टाकली. "शिट्टी कुठं गेली?" म्हणून रत्नमालानं सगळी भांडी उलटी केली, कामवाल्या बाईवर संशय घेतला, मग तिची माफी मागितली. पुढं कित्येक दिवस आम्ही वरण पातेल्यात शिजवलेलं खाल्लं. युद्धकाळात जनतेला थोडी झळ बसतेच.

चिकटवण्यासाठी तो क्षणात धरणारा गोंद आणला. त्यानं सैनिकाचा हात सैनिकाला सोडून माझ्या अंगठ्याला धरला. ओढून काढला तेव्हा हात निघाला, पण अंगठ्यावर गोंदाचं कातडं बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या हजेरीच्या यंत्रानं मला ओळखायला साफ नकार दिला. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला यंत्र बाईच्या आवाजात "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं तेव्हा कसं वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो.

"साहेब, मी आलोय."

"यंत्रात दिसत नाही."

"पण समोर दिसतोय ना?"

"माझ्या दिसण्याला काय अर्थ आहे, भारतराव?" साहेब खिन्नपणे म्हणाले. त्यांचं हे वाक्य मला अजून अधूनमधून आठवतं. शेवटी 'माझा अंगठा माझाच आहे' अशा अर्थाचा अर्ज दिला. त्यावर सही चालेना, अंगठाच हवा होता.

एवढं सोसूनही सैनिक काही उभा राहीना. चेहरा झाला, शिरस्त्राण झालं, हातात भाला आला, पण टेबलावर ठेवला की गडी तोंडावर पडायचा. पाय जड केले तर पाठीवर पडायचा. विश्वजीत फोन करून विचारायचा, "मामा, उभा राहिला का?" आणि मी म्हणायचो, "बसलाय जरा." असं एकदा म्हणालो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सैनिकाला उभं कशाला करायचं? त्याला बसवावं! बसलेल्याला पाय लागत नाहीत. घोड्यावर बसवावा म्हटलं, तर घोड्याचे पाय म्हणजे चार काड्या, ते मला जन्मात जमले नसते. मग चार पायांवर ठाम उभं राहणारं, हलवलं तरी न हलणारं, आपल्या ओळखीचं असं दुसरं जनावर कोणतं? मी कुंभाराकडून काळी माती आणली आणि बैल करायला बसलो.

पहिला बैल आईनं हातात घेतला, चष्म्याखालून पाहिला, चष्म्यावरून पाहिला.

"कामून रे, डुकरं कामून करायलास?"

"बैल आहे, आई."

"व्हय? मंग वशिंड कुठंय ह्याचं?"

मी पाठीवर मातीची गोळी बसवली. "हे वशिंड नाय, गळू हाय," आई म्हणाली. दुसऱ्याचं मानेवर आलं, तिसऱ्याचं कमरेवर. वशिंड ही गोष्ट इतकी अवघड असते, हे आपल्याला दुरून कळत नाही. पण एक झालं, आई माझ्याजवळ येऊन बसायला लागली. आमची बिडकीनकडची जमीन गेली तेव्हा दावणीचे बैलही गेले, आणि आई गारखेड्याच्या तिसऱ्या मजल्यावर आली. तेव्हापासून दर पोळ्याला ती मातीचे दोन बैल आणते, पाटावर मांडते, पुजते. पुढं त्या बैलांचं काय होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता घरातच बैलांचा कळप वाढताना पाहून ती एकेकाला नाव द्यायला लागली. माझ्या लेखी जो 'आघाडीचा दल-प्रमुख' होता, त्याचा तिनं पाखऱ्या केला.

"पाखऱ्या कसा व्हता ठाऊक हाय ना? इश्वजीत एवढासा व्हता, त्याला पाठीवर घेऊन पोळ्याला मारुतीला चक्कर मारायचा. वाटंनं एक हिसका नाय दिला लेकराला."

दल-प्रमुखाचं नाव पाखऱ्या असणं लष्करी शिस्तीत बसत नव्हतं. पण मी चालू दिलं.

बैल उन्हात वाळले, स्वार पाठीवर बसले, आता रंग. आधी काळ्या रंगाचा फवारा मारावा लागतो असं कळलं, म्हणून मी गच्चीवर गेलो. मी फवारा मारला आणि वाऱ्यानं दिशा बदलली. बैल जागच्या जागी मातकटच राहिले आणि दोरीवरचा तात्यासाहेबांचा लेंगा गुडघ्यापर्यंत काळा झाला. तात्यासाहेबांनी तो पंचनामा झाल्यासारखा दोन बोटांत धरून आमच्या दारात आणला.

"गच्ची ही सामायिक मालमत्ता आहे, भारतराव. तिच्यावर रंगकाम करायचं तर रीतसर अर्ज. कशाला रंग देणार?"

"सैन्याला."

"कुणाच्या?"

"माझ्या."

त्यांनी दाराशी चपला काढल्या. मग आत आले, बैल पाहिले आणि लेंगा विसरले. "एकेकटा बैल कुठं असतोय का? जोडी लावा. डावा बैल आणि उजवा बैल वेगळा असतो, उजव्याला डावीकडं जुंपलं की बिघडतो." मी म्हणालो, हे जुंपायचे नाहीत. "मग बैल कशाला म्हणता?" तात्यासाहेब म्हणाले. नवीन लेंगा आणि एक अर्ज ह्यांवर प्रकरण मिटलं. पुढचं रंगकाम मी न्हाणीघरात केलं, आणि त्यानंतर आम्ही कुणीही अंघोळ करून पूर्वीइतकं गोरं बाहेर आलो नाही.

आता राहिली नोंदणी. स्पर्धा भरवणारी प्रेरणा ही चष्मा लावणारी, हळू बोलणारी, नियमाला पक्की मुलगी. मी फोटो पाठवले, तिचा फोन आला.

"काका, बैल कोणत्या गटात टाकू? घोडदळ, राक्षस की वाहन?"

"बैल बैलाच्या गटात टाक."

"तो गट नाहीये, काका."

शेतीप्रधान देशातल्या स्पर्धेत बैलाला गट नाही! मी तिला पंधरा मिनिटं बैलाचं महत्त्व सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून बैल राक्षसात टाकले. आईला मी हे अजूनही सांगितलेलं नाही.

पण सैन्य पूर्ण झालं. हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण ते लिहायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली. सैन्य पूर्ण झालं. शनिवारी सकाळी मी सगळे बैल टेबलावर रांगेत मांडले. शिंगं लाल, झुली निळ्या, पाखऱ्यामागं तोफ. रत्नमालासुद्धा येऊन उभी राहिली. "खरंच झालं की हो," ती म्हणाली आणि पुढं काही टोचून बोलली नाही. मी त्या दिवशी कचेरीत ताठ मानेनं गेलो. यंत्रानंही मला पहिल्या खेपेला ओळखलं.

संध्याकाळी घरी आलो तर आई टेबलाशी उभी. एका हातात तुपाची वाटी, एका हातात हळद. एकेका बैलाच्या खांद्याला ती तूप-हळद चोळत होती आणि कानाशी वाकून म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"आई! रंग!"

"वरडायला काय झालं? खांदेमळणी हाय आज. उद्या पोळा."

तेव्हा मी कॅलेंडर पाहिलं. रविवारच्या चौकटीत बैलाचं चित्र होतं, आणि त्याचं वशिंड बरोबर जागेवर होतं.

निळ्या झुली हिरव्या झाल्या होत्या. स्वारांच्या मांड्या पिवळ्या झाल्या होत्या. पण खरं संकट पुढंच होतं.

"उद्या ह्यांना कुठं न्यायलास?"

"लढाईला, आई. उद्याच आहे."

आईनं वाटी खाली ठेवली. "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाय कोणी. आन् तू तोफ ठेवतू?"

मी समजावलं. ही माती आहे, हा खेळ आहे, माझी अब्रू पणाला आहे. ती म्हणाली, "तुह्या बापानं भर पेरणीत सुदिक पोळ्याला बैल धरला नाय." रत्नमाला मध्ये पडली म्हणून तोडगा निघाला. बैल जातील, पण कामाला नाही, मिरवायला. एक पाऊल चालणार नाहीत, एक गोळा सोडणार नाहीत, संध्याकाळी घरी येतील. "आन् जेवायचं?" आई म्हणाली. "आवतन दिलंय मी." मी म्हटलं ते बघू. बघू म्हटलं की आई गप्प बसते, असा माझा समज होता.

म्हणजे जगातलं पहिलं सैन्य, जे हलणार नाही आणि मारणार नाही, ते घेऊन मी लढायला निघालो. घरी बसलो असतो तर चाललं असतं. पण मग सगळे म्हणाले असते, केलं सैन्य, पण नेलं नाही. म्हणजे अर्धंच. ते मी होऊ देणार नव्हतो.

कॅफेच्या वरच्या मजल्यावर टेबलं मांडली होती. प्रेरणानं नियम सांगितला. टेबलामधल्या पुठ्ठ्याच्या टेकडीवर एकानं आधीच सैन्य मांडून बसायचं, दुसऱ्यानं चाल करून यायचं. वेळ संपेल तेव्हा टेकडीवर ज्याचे सैनिक जास्त, तो जिंकला. नाणेफेक विश्वजीतनं जिंकली. पिवळ्या मांड्यांच्या माझ्या सैन्याकडे पाहून तो उदारपणे म्हणाला, "मामा, तुम्ही बसा टेकडीवर. मी येतो."

मी सगळे बैल टेकडीवर मांडले आणि हाताची घडी घातली. माझी पाळी आली की प्रेरणा विचारायची, "काका, चाल?" मी म्हणायचो, "नाही." "हल्ला?" "नाही." पाहणारे जमले. एकानं दुसऱ्याला सांगितलं, ही जुनी युक्ती आहे. विश्वजीतला पहिल्यांदा हसू आलं, मग संशय आला. मामा एवढा गप्प बसलाय म्हणजे तोफेत काहीतरी आहे, असं वाटून तो लांबचा वळसा घालून येत राहिला. तरी अखेर त्याची पीळदार मिशीवाल्यांची फौज टेकडीच्या पायथ्याशी आली. एका चालीत माझं सैन्य साफ झालं असतं. त्यानं मूठभर फासे उचलले. इतक्या दिवसांची मेहनत त्याच्या मुठीत खुळखुळत होती आणि मला काहीही करता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो.

"थांब रे."

जिन्यात आई उभी होती. तीन जिने उतरून, रिक्षा करून, परत एक जिना चढून आलेली. हातात झाकलेलं ताट, मागं रत्नमाला. आई सरळ टेबलाशी आली आणि पाखऱ्यापुढं पुरणपोळी ठेवली. ती जवळजवळ सगळ्या टेकडीवर पसरली.

"आजी, तू इथं?" विश्वजीत म्हणाला.

"आवतन दिलं व्हतं. जेवल्याबिगर ठिवायचे व्हय जनावरं?" मग तिचं लक्ष त्याच्या मुठीकडे गेलं. "तू काय करायलास?"

"काही नाही, आजी. हल्ला. म्हणजे खेळ आहे."

"पोळ्याच्या दिवशी बैलावर चाबूक उगारत नाय कोणी, आन् तू भाले घेऊन आलास? तेबी पाखऱ्यावर?"

विश्वजीतनं वाकून पाहिलं. हळद लागलेला, वशिंड किंचित डावीकडे कललेला तो मातीचा बैल त्यानं बराच वेळ पाहिला. "हा पाखऱ्या आहे?" त्यानं हळूच विचारलं. एवढा शिकलेला, टकलावर आलेला मुलगा, पण त्याचा आवाज बदलला होता. त्यानं फासे टेबलावर न टाकता खिशात घातले.

"काका, चाल?" प्रेरणानं मला विचारलं. "नाही." "विश्वजीत?" "नाही," तो म्हणाला. प्रेरणा घड्याळाकडे बघत राहिली. नियमाला पक्की मुलगी. वेळ संपल्यावर तिनं पुरणपोळी एका कडेनं उचलली, खालचे बैल मोजले आणि जाहीर केलं, "टेकडी काकांची."

पुढच्या दोन लढायांत अनोळखी लोकांनी माझा धुव्वा उडवला. त्यांची आजी तिथं नव्हती. पण मला त्याचं काही नव्हतं. निघताना विश्वजीत म्हणाला, "मामा, उद्या पोळ्याची कर. उद्या बैल कामाला असतात. मी रजा टाकतो, होऊन जाऊ द्या खरी लढाई." मी म्हणालो, "ये तू कॅनॉटला. दाखवतोच."

सोमवारी मी जरा उशिरा उठलो. टेबल रिकामं होतं. बाल्कनीत आई बादलीशी बसली होती. बादलीतल्या गढूळ पाण्यावर निळे-हिरवे पापुद्रे तरंगत होते, आणि त्यांत माझे स्वार हात वर करून पोहत होते.

"आई, हे काय?"

"पुजलेली माती घरात ठिवत नायत. पाण्यात सोडायची असती. दरसाल सोडते की मी."

मी खालीच बसलो. मी आयुष्यात पूर्ण केलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती दोन रात्री टिकली. रत्नमाला आली. आता ती काय बोलेल म्हणून मी मान वर केली नाही. तिनं बादलीत कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला आणि शिट्टी बाहेर काढली. नळाखाली धुतली. "चोर घरातच होता तर," म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं कुकर वाजला.

मी हात घालून तळाची माती काढली. मऊ झाली होती, लोण्यासारखी मळता येत होती. मी गोळा केला, पाय काढले, पाठीवर गोळी बसवली. आईनं पाहिलं, माझ्या हातातून घेतला, आणि अंगठ्यानं खालून वर एकदाच दाबला. वशिंड झालं.

"बघ. आता कर तू."

तेवढ्यात विश्वजीतचा फोन आला. "मामा, निघालात ना? मी पोचलो."

"सैन्य विरघळलं," मी म्हणालो. "आजीनं सोडलं पाण्यात. पण मी बसलोय करायला. अर्धं सोडणार नाही."

तो हसेल असं वाटलं. पण तो हसला नाही. मग म्हणाला, "मामा, मी येऊ का तिकडे? पाखऱ्या मी करतो."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कुकरची दुसरी शिट्टी होत होती. मी आवाज खाली आणला.

"ये. आणि येताना तुझ्या आईच्या कुकरची शिट्टी घेऊन ये. तिला सांगू नकोस."